लाडकीच्या नावाची जागा

कैनाडची निर्मला डहाणूच्या कॉम्प्युटर क्लासात पहिल्यांदा शिकली ते नावं सरळ रांगेत छापायला. कुणी म्हणेल, त्यात काय मोठं? करून बघा म्हणावं! इंग्रजी नावं शहाण्या पोरांसारखी उभी राहायची. मराठी नावं घातली की रांगेचा पार बोऱ्या. तो शहाणा कॉम्प्युटर काना, मात्रा, वेलांटी सगळंच वेगळं अक्षर म्हणून मोजतो. मग ‘काकड्या’च्या पुढे मोकळी जागा कमी पडायची आणि ‘लाडकी’ रांग सोडून त्याच्याकडे सरकायची.

काकड्या आणि लाडकी म्हणजे तिचे आईबाप. निर्मलानं मोबाईलवर त्या वाकड्या रांगेचा फोटो दाखवला तेव्हा लाडकी पदर तोंडावर घेऊन हसली.

“सरकू दे की! नवराच हाय तो माझा.”

“अजून कुठं झालाय?” काकड्यानं ओटीवरून टोमणा मारला.

खरंच होतं ते. एका चुलीवर जेवून दोघांचे केस पिकले, पण लग्न तेवढं राहून गेलेलं. पाड्यावर कुणाला त्याचं नवल नव्हतं. माणसं आधी संसार मांडतात, हळद जमेल तेव्हा लावतात. यंदा मात्र तलासरीला सामुदायिक लग्नं ठरली, त्यात या दोघांचंही. जोडप्यांची नावं छापून द्यायचं काम क्लासच्या तुषार सरांनी घेतलं आणि निर्मलाच्या गळ्यात घातलं.

लाडकीला दुसरं काही नको होतं. साडी नको, भांडी नकोत. “माइकवर माझं नाव त्याच्या नावाला लागून घेतील ना गं? सगळ्यांच्या देखत?” हे ती रोज विचारायची.

“घेतील गं आये, किती वेळा सांगू!”

निर्मला इरेला पेटली. काना-मात्रा सोडून अक्षरं मोजायची आणि उरेल तेवढी जागा पुढे भरायची, असं तिनं डोकं लढवून जमवलं. रांग सरळ आली त्या दिवशी ती उड्या मारतच घरी आली, तर लाडकी तापानं फणफणलेली. कधीपासून अंगावर काढत होती कुणास ठाऊक. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, “हळद लागली की उतरेल.” शेवटी उचलूनच नेली. पण उशीर झाला होता. हळदीच्या आधीच लाडकी गेली.

तुषार सर हळूच म्हणाले, “निर्मला, ती ओळ काढून टाक.”

ओळ काढायची म्हणजे बापालाही काढायचं. तिचा हात चालेना. तिनं आईचं नाव तेवढं पुसलं आणि बापाचं राहू दिलं. छापलं तर त्या जागी नुसतं कोरं, आणि बाकीची रांग जशीच्या तशी सरळ. मेल्या कॉम्प्युटरला काय त्याचं! निर्मला टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडली. त्याच अवस्थेत तिनं कागद सरांकडे दिला. सरांनीही तो पुन्हा पाहिला नाही.

लग्नाला काकड्या गेला तो शेजारच्या जिव्याचंही तिथंच लागणार होतं म्हणून. मांडवात मागे, निर्मलाच्या बाजूला बसला होता. माइकवाला एकेक जोडी पुकारत होता.

“काकड्या...” तो अडखळला. कागद डोळ्यांजवळ नेला. “काकड्या?”

निर्मलानं बापाचा हात धरला, पण तो उठला होता.

“हाय मी.”

“आणि बाई कुठंय?”

“बाई वारली. तिचं नाव घ्या ना तुम्ही. तिला लई हौस होती.”

“काका, इथं नावच नाही.”

“असं कसं? माझ्या पोरीनं छापलंय ते.” काकड्याचा आवाज चिरकला. “मेली म्हणून काय ती माझी बायको नव्हती?”

माइकवाल्यानं मान खाली घातली आणि पुढची जोडी पुकारली. लोक टाळ्या वाजवू लागले. काकड्या तसाच उभा होता. मग तो पोरीकडे वळला.

“निर्मला, आयेचं नाव कुणी काढलं गं?”

“मी,” निर्मला म्हणाली.