मूळ घराचा पाट

चवथीच्या सकाळी लाटंबार्शातल्या मूळ घरात देवावर टांगायची फळापानांची माटोळी बांधून झाली होती, नेवऱ्या तळून डब्यात गेल्या होत्या, आणि गणपती आणायला जाणारे दोघे पुरुष अंगणात भांडत उभे होते. भांडण जमिनीचं असतं तर यशोदाबाईने ऐकून तरी घेतलं असतं. पण हे भांडण होतं, जगातली सगळ्यात थोर लहान गाडी कुठली ह्याचं.

एक तिचा मुलगा प्रमोद, झेनवाला. दुसरा तिच्या धाकट्या दिराचा, मधुकरचा मुलगा अविनाश, पालिओवाला. गावात मराठी की कोकणी ह्यावरून डोकी फुटायची वेळ आली होती, तेव्हासुद्धा लोकांचे गळे इतके सुकले नव्हते.

"अस्नोड्याचो चढ माझी झेन तिसऱ्या गियरात ओढता. हलकी असा म्हणान!"

"माझा इंजिन सोळाशेचा, प्रमोद. तुझी झेन माका फक्त आरशात दिसता."

"आणि वळणार? वळणार खय जाता तुझा सोळाशे?"

मग दोघेही एका जर्मन गाडीवर आले, गोल्फ की काय. तिच्यापुढे आपण दोघेही काही नाही, असं दोघांनी मान्य केलं. ती दोघांनीही फोटोतच पाहिली होती. न पाहिलेल्या देवावर भक्तांचं एकमत व्हायला वेळ लागत नाही.

"असल्या ल्हान पण जोरदार गाडयांका हॉट हॅच म्हणतत, काकी," अविनाश म्हणाला.

"तापली असा तर वर पाणी ओत आणि गणपती घराक हाड," यशोदाबाई म्हणाली.

मधुकर खुर्चीवर आरामात चहा पीत होता. त्याने डिचोलीच्या रस्त्यालगत नवं घर बांधल्यापासून त्याच्या पोटात एकच गोष्ट होती. ती त्याने आज बाहेर काढली. "वयनी, फुडल्या वर्सापासून गणपती माझ्या घरात बसवया. थय गाडी दारात येता. हय भटजी येवन उभो रवतलो, आणि देवाचो पत्तो नाय!"

भटजी गावातली पहिली पूजा मूळ घरात करायचा. तो मान तिच्या सासऱ्याच्या आधीपासूनचा. गणपती नसला की तो पुढच्या घरी निघायचा आणि परत यायला दिवस कलायचा.

"आज भटजी परत गेलो, तर फुडल्या वर्साक गणपती तुझ्या घराक न्हे," ती म्हणाली. "मी एक शब्द बोलूची नाय."

एवढं बोलून ती स्वतःच प्रमोदच्या गाडीत बसली. बसणं कसलं, विहिरीत उतरणं! थोर दिसावी म्हणून प्रमोदने गाडी खाली बसवून घेतली होती. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याने म्हातारीच्या कंबरेची चौकशी केली. आजवर गणपती खालच्या वाड्यावरून शेताच्या बांधाने डोक्यावरून यायचा. पण ह्या वर्षी दोन गाड्या असताना देवाने चालत का यावं, असं दोघांचं म्हणणं. म्हणून सगळ्या गावाला वळसा. मागून अविनाश गाणी ठणाणत आला, पुढे गेला, हॉर्न मारून दाखवला. प्रमोदने दात खाऊन त्याला पुन्हा गाठलं. यशोदाबाईने डोळे मिटले. भीतीने नव्हे, लाजेने.

खालच्या वाड्यावर सगुण चिताऱ्याच्या चित्रशाळेत गणपती फणसाच्या पाटावर बसला होता. पाट घरचाच. नागपंचमीला तो चिताऱ्याकडे पोचवायचा, त्यावरच मूर्ती घडायची, त्यावरच ती घरी यायची. दोन हात रुंद, जाड, काळा पडलेला.

पाट झेनच्या दाराशी आला आणि थांबला. उजवीकडून थांबला, डावीकडून थांबला. गाडीची ताकद किती, वेग किती, सगळं दोघांना पाठ. देव दारातून जाईल का, हे मात्र कुणीच मापलं नव्हतं.

"जरा आडवो करूया?" प्रमोद म्हणाला.

"तुझ्या बापाशीक आडवो केलो तेव्हा तो मेलेलो होतो. देवाक आडवो करतंस?"

"माझी डिकी मोठी असा," असं म्हणून अविनाशने मागचं दार उघडलं. आत पेटीएवढा स्पीकर ठाण मांडून बसला होता.

"हो कोण? तुझो कुळदेव?"

प्रमोदने आवाज बारीक केला. "आये, पाटाचो कोपरो दोन बोटां तासलो तर?"

सगुणच्या हातातला ब्रश थांबला. यशोदाबाईने मुलाकडे असं पाहिलं, की त्याला तो लहानपणी उष्ट्या हाताने देवघरात शिरला होता तो दिवस आठवावा. "पाट कित्याक रुंद असा, ठावक असा तुका? दोन भावांनी मिळान आणूचो म्हणान. तुझो बापूस आणि ह्याचो बापूस ह्याच पाटाखाली मान घालीत. उचला!"

गाड्या तिथेच राहिल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाट, पाटावर कापडाने तोंड झाकलेला गणपती. पुढे एक, मागे एक. यशोदाबाई छत्रीच्या टोकाने गवत बाजूला करत बांधावरून पुढे चालली. बूट चिखलात रुतले, पांढऱ्या पँटी गुडघ्यापर्यंत भरल्या.

"माझी गाडी असती ना उंच..." मागून अविनाश पुटपुटला.

"तोंड उघडशात तर मान हलतली. मान हलली तर देव हलतलो. गप!" यशोदाबाई पुढूनच म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा ते दोघे एकाच वेळी गप्प होते.

घर दिसलं तेव्हा भटजी पायरीवर चपला शोधत होता आणि मधुकर त्याला अगदी प्रेमाने त्या दाखवत होता.

"भटजी!" बांधावरून यशोदाबाईची हाक आली. "घराकडे देव इलो, आणि तुमी खय चललात?"

भटजीने घाईघाईने पाय मागे घेतला. गणपती माटोळीखाली बसला, शंख वाजला. पूजा संपल्यावर मधुकर प्रसाद घ्यायला आला, तेव्हा तिने त्याच्या हातावर साखर-खोबरं ठेवलं.

"मधुकरा, तुझ्या दारात गाडी येता, खरा. पण गाडीत गणपती जाणा नाय. मगे तुझ्या दारात येतलो कोण?"

एकेकाळी आपल्याच मानेवर असायचा तो पाट मधुकर बघत राहिला.

पानं मांडायची वेळ झाली. यशोदाबाईने मान चोळत बसलेल्या दोघांना हाक मारली, "जेवच्या आदी जावन आपापले गाडये हाडा. चिताऱ्याची वाट अडवून ठेवल्यात."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "चलत?"

"नाय तर काय," ती पान पुसत म्हणाली, "गोल्फ धाडू?"