बोटावरची साखर

शिरूर अनंतपाळच्या माळावर मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. मल्लिनाथ महाराज माइकवर गरजत होते, "डाव्या हाताचं रगत देवाला चालत न्हाई! परसाद घ्या, उजवं बोट द्या, अन् चमत्कार बघा!"

साखरेच्या आजारावर बुंदी! मला हसू आवरेना. माणसं पाकाने चिकट झालेली बुंदी हातात घेत, तोंडात टाकत आणि तेच बोट पुढं करीत. रक्तातली साखर मोजणारं मशीन चारशेच्या वर आकडा दाखवी. मग महाराज त्या हातावर तीर्थ ओतत, काहीबाही पुटपुटत आणि कडू काढा पाजत. पुन्हा तेच बोट, तेच मशीन. आकडा निम्म्यावर! जयजयकार!

तालुक्याचा आरोग्य अधिकारी म्हणून मी चौकशीला गेलो होतो. मशीनमध्येच खोट असणार, याची मला खात्री होती. माझं मशीन लावून पाहिलं, तर आकडे जुळले. महाराजांनी लगेच माइक माझ्या तोंडाशी धरला. "बोला ताहेर डॉक्टर, मशीन खरं का खोटं?"

"मशीन बरोबर आहे," मी म्हणालो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. औषध तपासायला गेलो आणि मशीन तपासून परतलो. एवढं शिकून मी माती खाल्ली होती.

काही दिवसांनी राजकन्या नावाच्या बाईचा फोन आला. "सासूबाई लई बिमार हायेत, डॉक्टर. तुम्हीच या."

तिच्या सासूबाई, पंचफुलाबाई, खाटेवर पडल्या होत्या. इन्सुलिनची सुई त्यांनी सोडून दिली होती. पायाची जखम काळी पडलेली. बोट टोचण्याआधी मी त्यांचा हात धुवायला घेतला, तशा त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "महाराज आधी न्हाई धुवू देत. परसादाचा हात धुत नसतेत, डोक्याला पुसतेत."

मांडवातली पाकाने चिकट झालेली बोटं मला आठवली. त्यांना तातडीनं लातूरला पाठवलं आणि पोलिसांना घेऊन मांडव गाठला.

मला साखरेचा आजार नाही. सगळ्यांसमोर बुंदी हातात घेतली, बोट दिलं. आकडा तीनशेच्या वर! हापशावर हात धुतला, पुसला, पुन्हा बोट दिलं. आकडा नव्वदच्या आसपास. ना काढा, ना मंत्र. मग बुंदी घेतलेल्यांपैकी काहींना काढा पाजला, पण हात धुवू दिला नाही. त्यांचा आकडा हलला नाही. बाकीच्यांनी नुसता हात धुतला, त्यांचा उतरला.

"रक्तातली साखर तशीच आहे," मी ओरडलो. "धुतली जाते ती बोटावरची!"

महाराज "देवाला तपासता व्हय?" म्हणत जीपकडे सरकू लागले. पोलिसांनी त्यांना तिथंच धरलं.

लातूरच्या दवाखान्यात पंचफुलाबाईंचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. महाराजाला पकडल्याचं मी त्यांना सांगितलं.

"त्याचं मी कुठं ऐकलं होतं, डॉक्टर?" त्या म्हणाल्या. "तुम्ही माइकात बोललात, तवा सुई सोडली."

मला मान वर करता आली नाही. अजूनही येत नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. गुण आला असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा, औषध न घेणाऱ्यांचं काय झालं? उत्तर मिळेपर्यंत चालू औषध सोडू नका. सांगणारा महाराज असो की माझ्यासारखा डॉक्टर, विचारल्याशिवाय राहू नका.