टेम्पोतला एकटा पुरुष

डहाणूहून उधव्याच्या आठवडी बाजाराला सुकी मासळी नेणाऱ्या टेम्पोत सात बाया असत आणि मागे एकच पुरुष. तो हंसाचा नवरा, भीमा.

लग्नानंतरची तीसेक वर्षं हंसाने एकटीनेच बाजार केला होता. तो होडीवर, ती पाटी घेऊन एसटीच्या मागच्या बाकावर. होडी मुलाच्या, जिग्नेशच्या हाती गेली आणि म्हातारपणी मला नवरा मिळाला, असं ती हसत सांगे. गोणपाटावर तो तिच्या शेजारी बसे, बोंबलांवरच्या माश्या हाकी, गिऱ्हाइकांना हाका मारी. घासाघीस तिची, गप्पा त्याच्या.

दिवाळीनंतर त्याने बाजारच सोडला. एकदा गुडघा दुखला, एकदा जाळं शिवायचं निघालं. तिसऱ्या खेपेला त्याने कारणही दिलं नाही. हंसाला वाटलं, कंटाळला आपल्याला.

त्याची रिकामी जागा बघून धाकली म्हणाली, "काय गं, म्हातारा रुसला काय?" ही नावाचीच धाकली; सत्तरी केव्हाच ओलांडलेली.

"रुसेल नाही तर काय! हायवेला त्याने दोनदा टेम्पो थांबवला तर तुम्ही फिदीफिदी हसलात. ही निलम म्हणाली, भावोजींचा नळ गळतोय."

निलमने जीभ चावली. धाकली मात्र गंभीर झाली.

"उतरून किती वेळ उभा होता तो?"

"बराच."

"आणि बाजारात पोचल्यावर परत आडोशाला गेला?"

"पोचल्या पोचल्या."

"आमच्या चिमणचं, माझ्या भावाचं, अस्संच होतं. जायचा आणि नुसता भिंतीकडे बघत उभा राहायचा. कोणाला बोलला नाही. एक दिवस सगळंच अडलं, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, नळी घालावी लागली. तू आत्ताच दाखव."

घरी येताच हंसाने पाण्याचा तांब्या उचलून पाहिला. सकाळी भरला तसाच होता.

"जिग्नेशचे बाबा, पाणी का पीत नाही?"

"कमी प्यायलं की कमी जावं लागतं." भीमा मान खाली घालून म्हणाला, "जन्मभर खारा वारा खाल्ला, गारठा बसलाय आत. निघेल आपोआप."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सात बायांत कुठे बोलायचं?"

"मी त्या सातांतली होय?"

दुसऱ्या दिवशी भीमा तिच्या मागे दवाखान्यात गेला. तपासायला डॉक्टरांनी हातमोजा चढवला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला, की वादळातही हंसाने तो तसा पाहिला नव्हता. मग रक्ताची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली.

"प्रोस्टेट म्हणून एक ग्रंथी असते, लघवीच्या वाटेभोवती," डॉक्टर म्हणाले. "वय झालं की पुष्कळांची वाढते आणि वाट दाबते. तुमची साधी वाढ आहे, कॅन्सरचं काही दिसत नाही. रोज गोळी घ्यायची, चहा कमी करायचा, पाणी कमी करायचं नाही. कधी लघवी अडलीच, तर तडक इथे यायचं."

"माझ्यासारखे अजून असतात?"

"आज सकाळपासून तुम्ही चौथे."

भीमा खुर्चीत ताठ बसला.

महिन्याने तो टेम्पोत चढला. बायांनी सरकून जागा दिली. तलासरीच्या अलीकडे ड्रायव्हर नविनने एका ढाब्याशी गाडी आपणहून थांबवली. "भीमाकाका, बाथरूम मागच्या बाजूला आहे."

भीमा उठायच्या आत धाकली उतरली. तिच्यामागे निलम, संगिता, सगळ्याच.

"अगं, त्याच्यासाठी थांबवलाय ना!" हंसा ओरडली.

"तो थांबेल. आम्ही इतकी वर्षं थांबलोय!" धाकली म्हणाली. "गाडी थांबव म्हणायला आम्हाला तरी कुठे तोंड होतं?"

हंसाही मग रांगेत जाऊन उभी राहिली. मागे वळून पाहते तो सगळ्या जणींनी आपापल्या पिशव्या भीमाच्या हवाली केलेल्या. बोंबील वाळवायच्या बांबूसारखा दोन्ही हात पसरून तो उभा होता.

"निलम, आटप की!" तो हाका मारत होता. "तुझा नळ गळतोय काय?"

रांगेतल्या बाया पोट धरून हसल्या. सगळ्यात मोठ्याने हंसा.