निळे माठ

आमचे हे, रोहिदास, मोखाड्याला पंचायत समितीत कारकून आहेत. डोकं आहे, नाही असं नाही; पण सुट्टीत ते रिकामं राहतं आणि घरादाराच्या मुळावर येतं.

यंदा मे महिन्यात फाटक रंगवून निळा ऑइलपेंट उरला. आमच्या सूर्यमाळच्या विहिरीनं तळ गाठलेला, पोहरा जेमतेम अर्धा भरून येतो, आणि इकडे घरातला माठ मात्र सारखा पाझरतो, हे यांना बघवेना. मी विहिरीवरून येईतो माठ बाहेरून निळाशार!

"आता थेंब बाहेर येणार नाही," म्हणाले.

"अहो, पाझरतो म्हणूनच पाणी गार राहतं! बाहेरचा ओलावा वाळताना आतली उष्णता घेऊन जातो." आठवीला मी हेच शिकवते. पण घरात मास्तरीण कोण ऐकतंय!

"तेवढ्यानं काय होतंय?"

व्हायचं ते झालंच. पत्र्याखाली माठातलं पाणी अंघोळीला चालेल इतकं तापायला लागलं. सासरे, भास्करबाबा, नुकतेच ऊन लागून आडवे झालेले. घोटघोट पाणी पाजत राहा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बाबांनी एक घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"चायचं आधण देतंस का, बाय? नको मला."

दुपारपर्यंत त्यांचे ओठ फुटले. सकाळपासून लघवीला उठले नव्हते. मी माठ रॉकेलनं घासला, पण रंग पार छिद्रांत मुरलेला. शेजारच्या रखमीकडे माठ मागायला धावले, तर तिचाही निळा.

"भावजीनीच दिला ना रंगवून. पानी वाचतं म्हनं."

पुढच्या घरी निळा, त्याच्या पुढच्या घरीही निळाच. एका डब्यात अख्खा पाडा! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

घरी येऊन कळशी भरली, जुनं लुगडं भिजवून तिला गुंडाळलं आणि ओटीवर वाऱ्याला टांगली. लुगडं वाळलं की पुन्हा पाणी शिंपडायचं.

"अगं, सगळं पाणी फडक्यावरच घालवणार का?" हे कळवळून म्हणाले. "तुझी एक खेप वाचावी म्हणून तर रंगवला मी."

खरंच तसं वाटलं होतं त्यांना. म्हणून तर जास्तच संताप आला.

उन्हं कलली तेव्हा कळशीत हात घालून पाहिला. पाणी गार होतं. बाबांनी आधी भीत भीत घोट घेतला, मग अख्खा पेला संपवला आणि दुसरा मागितला. मला रडू फुटलं.

डोळे पुसून उठले. रिकामा हंडा आणि चुंबळ यांच्या हातात दिली.

"माझी खेप वाचवायचीय ना? मग जा."

"बायका हसतील गं."

"हसू देत."

त्यांनी हंडा काखेत घेतला. मग मान खाली घालून विचारलं, "पोहऱ्याचा दोर कुठं ठेवतेस?"