गवतातलं पाणी

मी एक मासोळी बोलतेय. बोटभर लांबीची, कुणाच्या खिजगणतीत नसलेली.

माझा जन्म नदीच्या धारेत झाला नाही. तिथं पाण्याला ओढ फार; नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू कुठल्या कुठे वाहून जाईल. म्हणून आमच्या आया पाणी चढायची वाट बघतात. ते काठ ओलांडून गवतात शिरलं, की त्याच्यामागून जाऊन तिथं अंडी घालतात. गवतातलं पाणी संथ असतं, उबदार असतं. खायला बारीक किडे मिळतात आणि गिळायला टपलेले मोठे मासे तिथं येत नाहीत. अंगात बळ आलं, की मग आपण धारेत उतरायचं.

त्या वर्षी पाणी चढलं ते पावसानं नव्हे. वरच्या धरणाचं दार उघडलं होतं. पण माझ्या आईला ते कसं कळणार? तिनं चढलेलं पाणी पाहिलं आणि विश्वास टाकला.

ते दार उघडणारा, लावणारा गेटवाला आणि त्याची धाकटी बहीण आमच्या काठावर डबा खायला यायची. बहीण आम्हा पिल्लांचा अभ्यास करायची. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून गवतात ओणवी व्हायची, पांढऱ्या घमेल्यात आम्हाला घ्यायची, निरखायची आणि अलगद परत सोडायची. सगळे तिला मासेताई म्हणायचे.

एकदा ती भावाला म्हणाली, "दादा, यांना अजून धड पोहता येत नाही. पाणी कमी करायचं झालं तर हळूहळू कर. म्हणजे पाण्याबरोबर ही पण मागे सरकतील."

"अगं, बोटाबोटानं उतरवीन," तो म्हणाला. "तुझी पिल्लं म्हणजे माझी भाचरंच की."

"बघ हं, मामा झालास आता."

आम्हीही त्याला मामा मानलं. माणसं फसवण्याला 'मामा बनवणं' म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

एका भर दुपारी गवताची पाती एकाएकी उघडी पडायला लागली. वारा असेल असं आधी वाटलं. मग पोटाला चिखल लागला. पाणी आमच्या अंगाखालून निघून चाललं होतं आणि आमच्या इवल्या परांना त्याला गाठणं जमत नव्हतं. मी मासेताईच्या बुटाच्या ठशात अडकले. त्यात ओंजळभर पाणी उरलं होतं, तेही तापत चाललेलं. माझी भावंडं चिखलावर चमकत तडफडत होती. बगळे उतरले. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी आम्हाला कधी शब्द दिला नव्हता.

मासेताई धावत आली. चिखलात गुडघे टेकून ओंजळी भरभरून आम्हाला घमेल्यात घालू लागली. मागोमाग गेटवाला आला आणि काठावरच थांबला.

"साहेबांचा फोन आला होता," तो म्हणाला. "पुलाच्या पायाचं काम अडलंय. संध्याकाळपर्यंत पात्र कोरडं हवं म्हणाले."

"मला सांगायचंस तरी. चार माणसं, बादल्या घेऊन आले असते."

"सांगितलं असतं तर तू दार लावू दिलं असतंस?"

तिचे हात थांबले. "नसतं लावू दिलं. ते तुला माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाहीस."

मग ती त्याच्याकडे न बघता पुन्हा चिखल चाचपू लागली.

वाचलेल्यांना तिनं पुढं खोल डोहात सोडलं. माझा कणा वाकडा झाला होता. धारेत माझा निभाव लागला नसता. मला तिनं काचेच्या टाकीत घातलं आणि ती टाकी गेटवाल्याच्या टेबलावर, दाराच्या बटणांशेजारी आणून ठेवली. तो मला वेळेवर खायला देतो. भूक लागते, म्हणून मी खाते.

परवा ती टाकीचं पाणी बदलत होती. तो हळूच म्हणाला, "आता तरी विश्वास ठेव ना माझ्यावर."

"मी ठेवीनही, दादा," ती म्हणाली. "पण मी ठेवून काय उपयोग? या पाण्यावर विश्वास ठेवू नका, हे पिल्लांच्या आयांना कोण सांगणार?"

माणसांनो, नदीचं दार तुमच्या हातात आहे. पाणी चढवलंत, तर ते आमच्यासाठी बोलावणं असतं. उतरवताना जरा दमानं घ्या. मी काही आता आई होणार नाही. पण झाले असते, तर पाणी चढताच मीसुद्धा गवतातच गेले असते. आम्हाला दुसरं काही येत नाही.