कुंपणाला हात लावायचा नाही

गोठा झाडून झाल्यावर थोरला कोयता घेऊन बसला आणि दगडावर पाणी मारत धार लावू लागला. बायकोने न्याहारीला दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा त्याने नुसतं 'हं' केलं.

"आज काय रान तोडणार आहात का?"

"बांधावरच्या कुंपणाला वाट पाडणार. धाकट्याकडे जायला."

बायकोच्या हातातलं फुंकणीचं नळकांडं तसंच राहिलं. मग ती म्हणाली, "मी कधीची सांगतेय, पाण्यात काठी मारली म्हणून पाणी तुटतं का? पण तुम्हाला ऐकायला म्हातारपण यावं लागलं."

थोरल्याला हे लागलं. पण ते खरं होतं, म्हणून तो धारच लावत राहिला.

बांध त्यांच्या पणजोबांनी रचलेला. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. वाटण्या झाल्या त्या वर्षी धाकट्याने नांगर बांधाला जरा जास्तच खेटून घातला आणि दोन दगड ढासळले. शब्दाने शब्द वाढला. बांधाला हात लावील तो बापाचा नाही, अशी दोघांनी शपथ घातली. बाप दोघांचा एकच होता, हे रागाच्या भरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. शपथ मात्र इमानदारीने पाळली गेली. एरवी या घरात कुठलंच काम इतकं नेटाने झालेलं नव्हतं. एकाने फांदी छाटली नाही, दुसऱ्याने काटा काढला नाही. बोरी-बाभळी माजल्या, वेली चढल्या, आणि दोन घरं हाकेच्या अंतरावर असूनही पलीकडे जायचं तर ओढा उतरून, अख्ख्या गावाला वळसा घालून पायीच जावं लागे; गाडी त्या ओढ्यात उतरत नसे.

या वर्षी धाकट्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. थोरल्याला कळलं, पण गुडघे त्याला ओढ्यापर्यंतसुद्धा नेईनात. मग परवा संध्याकाळी काट्यांपलीकडून बोबडा आवाज आला, "दादा, आहेस का रे?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा. थोरला म्हणाला, "आहे." थोरला घरात येऊन भिंतीकडे तोंड करून रडला, आणि डोळ्यात कुसळ गेलं म्हणून बायकोला सांगितलं.

तर तो कोयता घेऊन बांधाशी पोचला, आणि नेमकी तेव्हाच रस्त्यावर जीप थांबली. एक बाई आणि तिघेजण उतरले. सगळ्यांच्या गळ्यात दुर्बिणी. जुनी बांधकामं आणि जुनी झाडी जपणाऱ्या खात्याची ही माणसं, गावोगाव पाहणी करत फिरत होती. बाई कुंपणाकडे बघून जागच्या जागी उभीच राहिली.

"काका, हे कुणाचं?"

"आमचंच. माझं आणि माझ्या भावाचं."

"एवढं दाट कसं राहिलं? कुणीच तोडत नाही?"

थोरल्याने कोयता पाठीमागे धरला. भांडण आहे म्हणून सांगावं, तर परकी बाई, आणि घरची लक्तरं वेशीवर कशाला टांगायची? तो घसा खाकरून म्हणाला, "आमच्या घराण्याचा नियमच आहे. कुंपणाला हात लावायचा नाही. पाखरं असतात ना."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ भलतीच महाग पडली: स्वतःच सांगितलेला नियम मोडून आता कोयता कसा चालवायचा? काही महिन्यांत बांधाच्या कडेला पाटी आली: संरक्षित वारसा. फांदी तोडण्यास, दगड हलवण्यास सक्त मनाई. ग्रामसभेत थोरल्याला हार घातला, आणि दुसरा हार धाकट्याकडे ओढ्यावरून वळसा घालून पाठवला.

"घ्या," बायको म्हणाली. "आपलीच मोरी अन् मुतायची चोरी."

थोरला बैलगाडी करून खात्याच्या कचेरीत गेला. बाईसमोर टोपी काढून त्याने सगळं खरं सांगून टाकलं. नियम वगैरे काही नाही, आम्ही भांडलो होतो, आता भाऊ आजारी आहे, माणूस जाईल एवढी वाट द्या.

बाईने नीट ऐकून घेतलं. "काका, तुम्ही भांडलात म्हणून झाडं वाढली, का जीव लावलात म्हणून, ते पाखरांना ठाऊक नाही. घरटी भरलेली आहेत. मला तोडू देता येणार नाही." मग म्हणाली, "पण बघणाऱ्यांसाठी आम्ही एक पायवाट काढणार आहोत. विरळ जागा बघून. रविवारी आमच्या माणसाबरोबर रांगेने जायचं, रांगेने परतायचं."

"मी बघणारा होऊ शकतो का?"

"कुणीही होऊ शकतं."

पायवाट झाली त्या पहिल्या रविवारी शहरातली माणसं टोप्या घालून आली. थोरला धुतलेला सदरा घालून रांगेत शेवटी उभा राहिला. खात्याचा माणूस पावलोपावली थांबत होता. हे अमुक पाखरू, हा तमुक वेल, हा पणजोबांच्या हातचा दगड. थोरल्याने स्वतःच्या पणजोबांची माहिती मुकाट्याने ऐकून घेतली. "आणि दोन भावांच्या प्रेमामुळे हे सगळं टिकलं," माणूस म्हणाला. सगळ्यांनी मागे वळून थोरल्याकडे पाहिलं. तो खाली बघत चालत राहिला.

पलीकडे अंगणात धाकटा बाजेवर उशीला टेकून बसला होता. त्याचे केस पार पांढरे झाले होते, आणि हे थोरल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"काका," एका पाहुणीने धाकट्याला विचारलं, "इतकी वर्षं कसं हो जमलं तुम्हाला?"

धाकट्याचं तोंड एका बाजूला ओढलेलं. "आमचा दादा," तो म्हणाला, "भयंकर हट्टी."

"आणि हा काय कमी आहे?" थोरला म्हणाला.

लोक हसले, कुणी टाळ्याही वाजवल्या. खात्याचा माणूस म्हणाला, "फार वेळ थांबायचं नाही, परत फिरायचंय." थोरला गुडघे सांभाळत बाजेच्या कडेला टेकला आणि त्याने भावाचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. बराच वेळ तसाच धरून बसला. धाकटा त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"दादा," तो अखेर म्हणाला, "त्या हाताला काही कळत नाही रे. इकडचा धर."

थोरला उठला आणि बाजेला वळसा घालून पलीकडे जाऊन बसला.