दादाला दाखवून घेतलेली गिटार

कवळी नीट बसली आहे की बोचते आहे, हा निवाडा साच्याने करायचा नसतो, ज्याचे तोंड त्यानेच करायचा असतो, असे बारकीचे ठाम मत होते आणि या मतापायी तिने अनेक दंतवैद्यांशी वाद घातले होते. कृत्रिम दात तयार करणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत ती कामाला होती. दंतवैद्य तोंडाचे माप पाठवीत. ती त्यावरून प्लास्टरचा साचा काढी, मेणात दात बसवी आणि तयार झालेली कवळी घासून, चकाकी देऊन परत धाडी. अधूनमधून फोन येई, "माप तंतोतंत आहे हो. पेशंटला उगीच भास होतोय." तिचे उत्तर ठरलेले असे. "डॉक्टर, तोंड त्यांचं आहे. परत पाठवा, मी खरवडून देते." बहुधा कुठेतरी केसभर उंचवटा सापडे. क्वचित सापडत नसे. तरी ती खरवडून देई, आणि मग तक्रार येत नसे.

परक्या माणसाच्या हिरडीवर एवढा विश्वास ठेवणाऱ्या या बाईला स्वतःच्या हाताचे म्हणणे मात्र कित्येक वर्षे खरे मानता आले नाही. त्याला कारण तिचा दादा.

बारकी हे अर्थातच तिचे पाळण्यातले नाव नव्हे. चाळिशी उलटली, कानशिलांवर पांढरे केस दिसू लागले, तरी घरात तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारीत नसे. तिचे हात शाळकरी मुलीएवढेच राहिले होते. दादा तिच्याहून बराच मोठा. तो हॉटेलांत आणि समारंभांत गिटार वाजवी, शिकवण्या घेई, आणि त्याच्या कानाचा घरात असा काही दबदबा होता की आवाज करणारी कोणतीही वस्तू त्याला ऐकवल्याखेरीज उंबरठ्याच्या आत येत नसे. वडिलांनी रेडिओ घेतला तेव्हा दादा हाफपँटमध्ये होता. दुकानात त्याने मान डोलावली तेव्हा कुठे पाकीट उघडले गेले. पुढे तो घरचा रिवाजच झाला. दाराची घंटासुद्धा 'दादाला दाखवून' घेतलेली होती, आणि ती वाजली की अजूनही आई पाहुण्यांना अभिमानाने सांगे, "आमच्या थोरल्यानं निवडलीय."

गिटार बारकी त्याच्याकडूनच शिकली, आणि तीही त्याने टाकून दिलेल्या गिटारवर. त्या गिटारची मान, म्हणजे डाव्या हाताच्या मुठीत येणारा तो लांब दांडा, दादाच्या पंजाच्या मापाची होती. तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा एकदम दाबायची वेळ आली की तिची एखादी तरी तार हटकून फसफसे. दादा हसून म्हणे, "तारेचा दोष नाही, बारके. देवानं हात देताना काटकसर केली." ती स्वतःही हसे. इतकी वर्षे तिने तो विनोद निदानासारखा मानला होता.

यंदा तिने स्वतःची गिटार घ्यायची ठरवली आणि ती एकटीच दुकानात जाऊ लागली. दुकानदार मितभाषी होता. तो खुंटीवरची गिटार काढून देई, स्टूल पुढे सरकवी आणि आपल्या कामाला लागे. त्यामुळे बारकीला मनसोक्त नापसंती दाखवता आली. एक गिटार देखणी होती, पण तिच्या पेटीची कड उजव्या हाताला सारखी काचत होती. दुसरीचा आवाज एवढा खणखणीत की आपण काही बोलायच्या आधीच ती बोलून मोकळी होत होती. तिसरीत खोट काढायला जागा नव्हती. तरी ती मांडीवर घेतली की दुसऱ्याच्या घरी जेवायला बसल्यासारखा संकोच वाटे. हा संकोच ही काही तक्रार म्हणून कुठे मांडता येत नाही. पण मांडता येत नाही एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, हे कवळ्या करणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको होते.

मग एका शनिवारी दुकानदाराने आतल्या खोलीतून एक वापरलेली गिटार आणली. पेटी आखूड, रंग चहाच्या चोथ्यासारखा, चकाकी गेलेली, आणि मधल्या भोकाच्या खाली कुणाच्या तरी नखांनी वर्षानुवर्षे काढलेला फिकट ओरखडा. बारकीने ती मांडीवर घेतली आणि तिचा डावा अंगठा मानेच्या मागे आपणहून जाऊन टेकला. तिने त्याला जागा शोधून दिली नाही. तिने तर्जनी आडवी टाकली, उजव्या हाताने तारांवरून बोटे फिरवली. सहाच्या सहा तारा बोलल्या. ती एवढ्या मोठ्याने हसली की दुकानदाराने मान वर केली.

"बांधून देऊ?" त्याने विचारले.

या प्रश्नाला 'हो' एवढेच उत्तर होते. बारकी म्हणाली, "बाजूला ठेवाल का? दादाला दाखवते एकदा."

पुढल्या शनिवारी दादा आला. त्याने गिटार उलटसुलट पाहिली, तारा सुरात लावल्या आणि वाजवायला सुरुवात केली. तो खूप वेळ वाजवीत राहिला. एरवी चार ठोक्यांत गिटारचा निकाल लावणारा माणूस डोळे मिटून मंद, लांबलचक काहीतरी वाजवत होता, आणि बारकी परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी स्टुलावर अवघडून बसली होती. शेवटी त्याने डोळे उघडले.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"लाकूड मेलंय हिचं. मधल्या सुरांत दम नाही."

"पण दादा, माझ्या हातात ती एवढी छान..."

"आज छान वाटेल गं. मान बघितलीस का? वाकायला लागलीय." त्याने गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरली आणि मग तिच्या डोळ्यासमोर. "हे बघ. दिसतंय?"

तिला मान सरळ दिसत होती. पण मेणातला केसभर बाक ओळखणारे आपले डोळे इथे कामाचे नाहीत आणि दादाचे आहेत, असे गृहीत धरून ती म्हणाली, "थोडी वाटते खरी."

"थोडी नाही, चांगलीच. वर्षभरात रडशील." त्याने भिंतीवरची एक रुंद, पिवळीधमक गिटार उतरवली. "ही घे. हिच्यावर हात वाढेल तुझा."

"या वयात हात वाढतो का रे?"

"हात नाही तर सवय वाढेल. मी वाईट सांगेन का तुला?"

दुकानदाराने एकदा दादाकडे आणि एकदा बारकीकडे पाहिले, चहाच्या रंगाची गिटार उचलली आणि आत नेली. बारकी पिवळी गिटार घेऊन घरी आली.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर वाजवायला बसे. पिवळी गिटार वाईट नव्हती. पेटी रुंद असल्यामुळे उजवा खांदा वर उचलावा लागे, मनगटात कळ येई, तर्जनीखाली एखादी तार पुन्हा फसफसू लागे. पण गिटार दादाने निवडलेली, तेव्हा उरलेला दोष हाताचाच असणार, असा तिचा सरळ हिशेब होता. ती हाताला रागावे. कधी कधी चहाच्या रंगाची गिटार आठवे. ती आठवण आली की ती स्वतःची समजूत घाली, की ते नवेपणाचे कौतुक होते, भास होता. हाच शब्द दंतवैद्याने वापरला असता तर तिने त्याला धारेवर धरले असते.

काही आठवड्यांनी वहिनीच्या वडिलांची कवळी दुरुस्त झाली. ते दादाकडेच राहत. प्रयोगशाळेत काम कमी होते म्हणून बारकी दुपारी लवकर निघाली आणि न कळवताच कवळी पोचवायला गेली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला वरून गिटार ऐकू आली. दादा वाजवतोय, एवढे तर कुणालाही कळले असते. पण तिचा डावा अंगठा पिशवीच्या पट्ट्यामागे सरकून एका विशिष्ट जागी टेकला होता. तिने अंगठ्याकडे पाहिले आणि मग तिला आवाज ओळखू आला.

दार वहिनीने उघडले. "अगं बाई, तू! बाबांची कवळी आणलीस? देवच पावला. चार दिवस मऊ मऊ खाऊन स्वतः वैतागलेत आणि मला पिडलंय. ये, आत ये. ह्यांची ही नवी पाहिलीस ना? दिवसरात्र तिलाच घेऊन बसतात. मला सवत आणलीय म्हण!"

आतले वाजणे मध्येच तुटले.

खोलीत दादा खिडकीपाशी बसला होता. मांडीवर चहाच्या रंगाची गिटार होती. ओरखड्यावरून त्याचा हात पसरलेला होता, जणू तेवढे झाकले की बाकीची दिसणार नव्हती.

"बारके! फोन नाही, काही नाही?"

"लाकूड मेलंय ना तिचं?" बारकी म्हणाली.

"अगं, ऐक तरी. मी नंतर सहज गेलो होतो तिकडे. त्यानं मान सरळ करून ठेवली होती. मला वाटलं..."

"कधी गेला होतास?"

"गेलो असेन. दोन-चार दिवसांनी."

"दोन-चार दिवस कुठले?" दारातून वहिनी निरागसपणे म्हणाली. "त्याच दिवशी संध्याकाळी नाही का आणलीत? म्हणालात, बारकीनं नाही म्हटलं म्हणून मिळाली." आणि मग दोघांच्या तोंडाकडे पाहून तिने हातातली कवळीची डबी घट्ट धरली. "बाबांना देऊन येते," असे पुटपुटत ती आत गेली.

दादाने गिटार पोटाशी ओढली.

"दुसऱ्या कुणी नेली असती," दादा म्हणाला.

"दुसरं कोण? मी नेत होते."

"बारके, रागावू नकोस. तू दिवसभर मेण खरवडतेस, संध्याकाळी तासभर वाजवतेस. माझं पोट आहे त्याच्यावर. अशी गिटार माणसाच्या हाताला जन्मात एकदा लागते."

"माझ्या हाताला लागली होती."

"तुला तिच्यातलं कितीसं वाजवता आलं असतं?"

"कवळी काय, जो जास्त चांगला चावतो त्याला देतात का रे दादा?"

तो हसला नाही. "हातात घेतली आणि मला ती सोडवेना. बस्स. एवढंच झालं."

"मग तसं म्हणायचंस. 'बारके, ही मला दे,' म्हणाला असतास तर मी दिली असती. तुला माहीत होतं."

"माहीत होतं म्हणूनच म्हणालो नाही," दादा अचानक चिडून म्हणाला. "मागून घेतली असती तर ती तुझीच राहिली असती. दर वेळी वाजवताना तू समोर बसून कौतुकानं बघितलं असतंस. मला ते नको होतं."

हे मात्र तो खरे बोलला, आणि आधीच्या सगळ्या खोट्यापेक्षा तेच बारकीला अधिक लागले. गिटार गेली हे दुःख तिने जिना चढतानाच गिळले होते. पण या माणसाने तिच्या डोळ्यासमोर सरळ मान धरून ती वाकडी असल्याचे तिच्याच तोंडून वदवून घेतले होते, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी ती आपल्या हाताला दोष देत बसली होती. ते दोष देणे आता कुणाकडून परत घ्यायचे, हे तिला कळेना.

"दे इकडे," ती म्हणाली.

त्याने गिटार दिली. तिने ती मांडीवर घेतली, अंगठा मागे नेला, तर्जनी आडवी टाकली. तारा फसफसल्या. तिने पुन्हा दाबून पाहिले आणि मग खाली वाकून नीट पाहिले. मानेच्या टोकाला तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात ती पट्टी बदललेली होती. तारा एकमेकींपासून लांब सरकल्या होत्या, उचलल्या गेल्या होत्या आणि जाडही झाल्या होत्या. मानेच्या पाठीमागचा भाग घासून सपाट केला होता. तिच्या अंगठ्याची जागा तिथे उरली नव्हती. गिटार दादाच्या पंजाला बेतली होती, आणि काम उत्तम केले होते.

"बसवून घेतलीस."

"घ्यावीच लागते," तो खाली पाहत म्हणाला. मग जरा थांबून, "हे बघ, तुला एवढं वाटत असेल तर घेऊन जा. पट्टी परत बदलता येईल. मी काही..."

"राहू दे," बारकी म्हणाली. "आता ही तुझीच आहे."

त्याचे खांदे खाली आले. क्षणभरच, लगेच त्याने चेहऱ्यावर खेद आणला. पण तेवढ्या क्षणात त्याचा हात पुढे आला होता आणि तिने सोडायच्या आधीच त्याने गिटारची मान धरली होती.

ती उठली. आतून वहिनीच्या वडिलांचा नव्या दमाचा आवाज आला, "बसली गं, बसली! कुठ्ठे बोचत नाही!" बारकीने त्यांना दारातूनच हात केला आणि चपला पायात सरकवल्या. दादा उंबरठ्यापर्यंत आला.

"तुझी ती घेऊन ये ना रविवारी," तो म्हणाला. "तारा जरा खाली करून देतो. मनगट दुखत असेल तुझं."

म्हणजे तेही त्याला पहिल्यापासून ठाऊक होते.

"नको," ती म्हणाली. "तिला हात लावू नकोस."

"अगं, पण मी..."

"मी बघेन माझं."

ती जिना उतरू लागली. तळमजला येईपर्यंत वर वादन पुन्हा सुरू झाले होते. आवाज सुंदर होता, मधल्या सुरांत भरपूर दम होता, आणि हे तिला कुणाला विचारावे लागले नाही.